नियमगडची रीतसर भरभराट

श्रीधरराव पिशोरकरांनी आपल्या राष्ट्राची स्थापना मंगळवारी सकाळी बरोबर सव्वादहा वाजता केली. मुहूर्त वगैरे बघितला नव्हता. चौतीस वर्षं ज्या वेळेला ऑफिसात पेन उघडलं, ती वेळ सोडून दुसऱ्या वेळी काही स्थापन होऊ शकतं हेच त्यांना पटत नव्हतं. राष्ट्राचं नाव नियमगड. लोकसंख्या चाळीस लाख, राजधानी कार्यालयपूर, राष्ट्रीय पक्षी साळुंकी. राष्ट्रगीताची जागा तूर्त रिक्त.

हे राष्ट्र होतं मोबाइलमध्ये. बेंगळुरूला नोकरी करणारी त्यांची लेक चारुता वडिलांच्या दिवसातून सहा-सहा फोनांना कावली होती. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, म्हणून तिनं त्यांना 'भूमंडळ' नावाच्या एका मराठी गटात घालून दिलं. तिथं दोनेकशे माणसं, कोणी नाशिकचा, कोणी न्यू जर्सीचा, प्रत्येकानं आपापला देश काढलेला. सगळ्यांनी मिळून त्या जगाची गोष्ट लिहायची. तह करायचे, व्यापार करायचा, अगदीच अंगावर आलं तर युद्ध. नियम एकच, पण कडक. मनात आलं म्हणून ताकद मिळत नाही. जे मिळवलं ते कसं मिळवलं, त्यासाठी काय सोसलं, कुठं तोंडावर आपटलो, हे पटेल असं लिहायचं. पटलं तर पंच तुमच्या देशाला 'वजन' देणार, आणि ज्याचं वजन जास्त त्याचा शब्द परिषदेत चालणार. 'अग्निदेश' नावाच्या एका उत्साही देशानं पहिल्याच दिवशी सहा युद्धनौका जाहीर केल्या होत्या. पंचानं खाली लिहिलं, 'आपल्या देशाला समुद्र नाही. आधी समुद्र मिळवा.' श्रीधररावांना हा पंच फार आवडला. आपल्या खात्यातला वाटला.

पहिली नोंद त्यांनी दोन दिवस खपून लिहिली. नियमगडात मोठं धरण, घरोघरी नळ, नळाला चोवीस तास पाणी. अर्ध्या तासात पंचाचा शेरा आला: 'पहिल्याच आठवड्यात चोवीस तास पाणी? कसं मिळवलं? शक्यतेत बसत नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करा.'

श्रीधररावांची कानशिलं तापली. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, त्रुटी हा त्यांचा शब्द होता! चौतीस वर्षांच्या नोकरीत अधिकार म्हणून जो काही त्यांच्या वाट्याला आला तो एवढाच. साहेब बदलले, टेबल बदललं, खिडकीजवळची खुर्ची गेली, पण लोकांच्या अर्जावर लाल शाईनं त्रुटी काढायचा हक्क कोणी हिरावला नव्हता. आणि आज कोण कुठला बिननावाचा माणूस त्यांनाच त्रुटी काढून दाखवतो? त्यांनी तो शेरा बायकोला वाचून दाखवला. सरोजिनीबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे त्याचं," आणि गवार मोडत राहिल्या.

मग त्यांनी साहेबराव साळव्यांना गाठलं. साहेबराव म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, आवाज असा की अजूनही इंजिन चालू असताना बोलल्यासारखे बोलायचे. जिन्यात उभं राहूनच त्यांनी नोंद वाचली आणि खदाखदा हसले.

"पिशोरकर साहेब, पंचाचं काय चुकलं? चोवीस तास पाणी! आवो, तुमच्या खिशात टँकरवाल्याच्या नंबराची चिठ्ठी हाय आन् तुम्ही धरणं बांधताय व्हय?"

"मग लिहू तरी काय?"

"खरं लिवा की! खऱ्याला काय धाड भरली?"

आता खरं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती दुष्काळाची सालं होती. पाऊस मागच्या वर्षी नुसता तोंड दाखवून गेला होता आणि यंदा तेवढंही नाही. त्यात शहर जालना रोडनं करमाडच्या दिशेला असं पसरत चाललेलं की कालचं ज्वारीचं रान आज 'फेज टू' व्हायचं. माणसं आधी राहायला यायची, रस्ता मागून, आणि पाणी त्याच्याही मागून, जमलं तर. यांची श्रमसाफल्य कॉलनी त्यातलीच. छत्तीस घरं, तीन इमारती, लिफ्ट नाही, नळ आहेत पण ते शोभेचे. आठ दिवसांनी टँकर यायचा. हौदात पाणी इतकं कमी पडायचं की मोटर नुसती हवा ओढायची, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी घागरी-बादल्यांनी चढवायचं. श्रीधरराव तळमजल्यावर होते. हे त्यांचं नशीब, दुसरं काही नाही.

तर त्यांनी खरं लिहिलं. 'नियमगडात पाणी दर आठव्या दिवशी टँकरने येते. टँकर कधी येणार हे टँकरवाल्याखेरीज कोणास ठाऊक नसते व तो फोन उचलत नाही. रांगेत माणसे नसतात, ड्रम असतात. दोन ड्रमांच्या मध्ये कोणी घागर सरकवल्यास ते सीमेचे उल्लंघन समजण्यात येते.'

पंचाचं उत्तर आलं: 'जबरदस्त! भूमंडळात इतका खरा वाटणारा दुसरा देश नाही. वजन वीस.'

वीस! अग्निदेशाला तीन महिने घासून चार मिळालं होतं. श्रीधररावांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला आणि सरोजिनीबाईंनी तो दिला, यावरून घरातलं वातावरण लक्षात यावं.

बातमी कॉलनीत फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या लीलाबाईंची पक्की समजूत झाली की भाऊजी पेपरात लिहितात. "माझं नाव टाका बरं का भाऊजी! आणि लिहा, टँकरवाला माझ्याच ड्रमाशी आला की नळी काढतो. मागच्या खेपेला गाडीत पाणी डुचमळताना ऐकलंय मी, या कानांनी ऐकलंय!" श्रीधररावांनी त्यांना नियमगडच्या परराष्ट्रमंत्री केलं. लीलाबाई रोज एक नवं गाऱ्हाणं घेऊन यायच्या, श्रीधरराव रोज ते सरकारी भाषेत बसवायचे, आणि नियमगडचं वजन वाढत जायचं. एक अक्षर खोटं नाही हो. इतक्या सचोटीनं जगात कोणतं राष्ट्र मोठं झालं असेल असं आम्हाला तरी वाटत नाही.

तेवढ्यात खरी पाइपलाइन कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन ठेपली. कोपऱ्यापासून आत नळजोडणी हवी असेल तर कॉलनीनं अर्ज करायचा होता. सचिव श्रीधरराव, कारण 'उपरोक्त विषयास अनुसरून' कुठं घालायचं ते कॉलनीत त्यांनाच कळायचं. झालं, अर्ज घेऊन ते क्रांती चौकाच्या पलीकडल्या पाण्याच्या ऑफिसात हेलपाटे घालू लागले.

तिथं राजकुमार नावाचा एक तरुण कारकून होता. स्वभावानं गरीब, पण वरून मागतील ते मागावं लागणार. पहिल्या दिवशी त्यानं छत्तीस घरमालकांच्या सह्या मागितल्या. त्या नेल्या, तर एकाची सही हिरव्या शाईत निघाली. ती बदलली, तर कळलं की पत्त्यातलं 'लिंबाच्या झाडाजवळ' चालत नाही, झाड अधिकृत नाही. चौथ्या खेपेला दाराशीच शिपायानं अडवलं, "साब छुट्टी पे है, चचा. परसों आव." परवा गेले तर शिपाई रजेवर.

दुसरा माणूस असता तर त्याचं डोकं फिरलं असतं. श्रीधरराव मात्र रिक्षात बसल्या बसल्या नोंद लिहायला घ्यायचे. हिरव्या शाईला बारा वजन मिळालं. अनधिकृत झाडाला पंधरा. शिपायाच्या नोंदीवर न्यू जर्सीच्या माणसानं लिहिलं, 'वाचून गावाकडची आठवण आली.' पुढं तर कमालच झाली. अग्निदेश आणि शेजारच्या 'रत्नभूमी'चं एका घाटावरून युद्ध जुंपलं, आणि दोघांनी मिळून मध्यस्थ म्हणून मागितलं कोणाला, तर नियमगडला! ज्या देशाला स्वतःचा ड्रम भरता येत नाही तो आपल्यावर काय चढाई करणार, असा त्यांचा बिनतोड हिशेब. श्रीधररावांनी तह लिहिला. परिशिष्टं सात. दोन्ही देश परिशिष्ट दोनपर्यंत वाचूनच थकले आणि सह्या करून मोकळे झाले. भूमंडळात जो तो विचारू लागला, नियमगडचं यावर मत काय?

"अहो, आज तरी झालं का काम?" सरोजिनीबाईंनी एकदा दारातच विचारलं.

"नाही ना! मालकीच्या कागदाची ताजी प्रत हवी म्हणाले!"

"मग शीळ कसली घालताय?"

श्रीधररावांनी चप्पल काढण्यात जरा जास्तच वेळ घालवला.

आणि मग एका गुरुवारी घात झाला. राजकुमारनं फाइल चाळली, शेवटचं पान उलटलं आणि चक्क हसला. "काका, झालं बघा तुमचं. एकबी त्रुटी नाही. उद्या साहेबांची सही, सोमवारी खोदकाम, बुधवारी पाणी."

श्रीधररावांनी बोटांवर वार मोजले. त्या बुधवारनंतरच्या रविवारी भूमंडळ परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. नियमगड आघाडीवर होता, पण अग्निदेशही उभा होता. आणि श्रीधररावांचा स्वतःचा नियम साफ होता: कॉलनीत घडेल तेच नियमगडात लिहायचं, खोटं एक अक्षर नाही. बुधवारी पाणी आलं की गुरुवारी ते लिहावं लागणार, आणि नळाला पाणी असलेल्या नियमगडला कोण विचारतो? चौतीस वर्षांत ज्याला साधं युनियनचं खजिनदारपद मिळालं नाही, त्या माणसाच्या तोंडाशी आलेलं दोनशे राष्ट्रांचं अध्यक्षपद एका नळाच्या तोटीनं जाणार होतं.

"बघू जरा," असं म्हणून त्यांनी फाइल ओढून घेतली. डोळ्यांना सवय होती. पान एकोणीस, नकाशा. "यावर उत्तर दिशेचा बाण नाही."

"ऱ्हाऊ द्या हो काका. उत्तर काय पळून चाललीय का?"

"असं कसं? नियम म्हणजे नियम."

"काका, मी पास करतोय ना!" राजकुमार काकुळतीला आला. अर्जदारानं स्वतः होऊन पूर्ण झालेली फाइल परत मागितल्याचं त्यानं उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. श्रीधररावांनी फाइल काखेत मारली आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी मनाला टोचू नये म्हणून सगळं रीतसर केलं. पत्र लिहिलं. प्रेषक, सचिव, श्रमसाफल्य कॉलनी. प्रति, सचिव, श्रमसाफल्य कॉलनी. 'आपल्या अर्जासोबतच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण आढळून येत नाही. सबब दहा दिवसांत त्रुटीची पूर्तता करावी.' खाली सही. मग ते उठले, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले, पत्र वाचलं आणि मिळाल्याची पोच देऊन दुसरी सही केली. बाण काढायला पेन्सिलीची एक रेघ आणि टोकाला दोन फाटे लागतात. फाइल कपाटात गेली. कॉलनीला त्यांनी सांगितलं, नकाशात त्रुटी निघाली. हेही अक्षरशः खरंच होतं, बघा.

बुधवार कोरडा गेला. शुक्रवारी टँकर आला. साहेबरावांच्या पत्नी सत्यभामाबाई, गुडघे आधीच धरलेले, दुसऱ्या मजल्यावर घागर चढवताना ओल्या पायरीवरून घसरल्या. घागर गडगडत खाली आली, तिचा आवाज तिन्ही इमारतींनी ऐकला. साहेबराव त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. उजवं मनगट मोडलं होतं.

श्रीधररावांनी काय केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. त्यांनी नोंद लिहिली. 'नियमगडात जलवाहतूक करताना ज्येष्ठ नागरिक जखमी.' वजन चाळीस मिळालं, आजवरचं सगळ्यात जास्त. आणि ते मिळाल्यावर मग ते संध्याकाळी विचारपूस करायला वर गेले.

सत्यभामाबाई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हातानं खुर्ची दाखवली. "या भाऊ, बसा. लई पळताय म्हणं आमच्यासाठी. हे सांगत होते, पिशोरकर साहेब हायेत म्हणून पानी येनार, न्हाईतर कोन ईचारतंय आपल्याला." मग सुनेला म्हणाल्या, "भाऊंना च्या ठेव गं. पानी जरा जपून घाल."

तो चहा श्रीधररावांनी कसा प्यायला त्यांनाच ठाऊक. त्यांना लाज वाटली. आयुष्यात अनेकदा अपमान झाल्यानं त्यांना वाईट वाटलं होतं, पण ही गोष्ट निराळी होती. यात अपमान कोणी केला नव्हता, सगळं त्यांचं त्यांनीच केलं होतं. खाली येऊन त्यांनी कपाट उघडलं, बाण काढला. पण शनिवार-रविवार ऑफिस बंद.

रविवारी सकाळी नियमगड मोठ्या बहुमतानं निवडून आला. अभिनंदनाचे निरोप धडाधड येत होते. 'त्या जखमी आजींच्या नोंदीनं डोळ्यांत पाणी आलं,' असं अग्निदेशानंसुद्धा लिहिलं होतं. अकरा वाजता पार्किंगमध्ये कॉलनीची बैठक होती. श्रीधरराव उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. खेळ, वजन, निवडणूक, बाण, कपाट. विषयाला अनुसरून नाही, सरळ सांगितलं.

मग लीलाबाई म्हणाल्या, "म्हणजे पेपरात येणारच नव्हतं का काही?"

साहेबराव सावकाश उठले. "हिचा हात मोडला, तवा कागद तुमच्या कपाटात व्हता?"

"होय."

"पुरा झालेला?"

"होय साहेबराव. मी सचिवपद सोडतो."

साहेबरावांनी हात पुढं केला तो फाइलसाठी. ती घेतली, आणि त्या क्षणापासून त्यांनी श्रीधररावांशी बोलणं टाकलं. सोमवारी ते एकटेच ऑफिसात जाऊन फाइल देऊन आले. पण मध्ये दहा दिवस गेले होते. श्रमसाफल्यच्या जागी पुढच्या कॉलनीचा नंबर लागून खोदकाम सुरूही झालं होतं. आता किमान पाच आठवडे, राजकुमारनं सांगितलं.

पुढच्या टँकरला श्रीधररावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि साळव्यांच्या घागरी उचलल्या. कोणी सांगितलं नव्हतं. साठीचा माणूस, आयुष्यात फाइलीपेक्षा जड काही उचललेलं नाही, दर सहा पायऱ्यांवर धापा टाकत थांबायचा. साहेबराव पुढं, हे मागं. बोलणं नाही. सत्यभामाबाई दारातून म्हणायच्या, "आवो भाऊ, नका," आणि साहेबराव भिंतीकडे बघून म्हणायचे, "येऊ दे त्यास्नी."

त्याच आठवड्यात त्यांनी नियमगडची शेवटची नोंद लिहिली. राष्ट्रप्रमुखानं पाण्याचा मंजूर झालेला कागद सत्तेसाठी स्वतःच दाबून ठेवला होता. कोणी पकडलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. त्यानं भरसभेत स्वतः होऊन गुन्हा कबूल केला आणि राष्ट्रप्रमुखपदाचा आणि परिषदेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पंचाचं उत्तर यायला चार दिवस लागले.

ते आलं तेव्हा टँकर उभा होता आणि श्रीधरराव तिसऱ्या खेपेनंतर पायरीवर बसले होते. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोबाइल साहेबरावांपुढं धरला. साहेबरावांनी हात सदऱ्याला पुसले, चष्मा वर केला आणि इंजिन चालू असल्यासारखं मोठ्यानं वाचलं:

"'कागद दाबून ठेवला, इथपर्यंत उत्तम. पुढचे पटत नाही. सत्तेवरचा माणूस कोणी पकडलेले नसताना आपण होऊन कबुली देतो व खुर्ची सोडतो, याला भूमंडळात किंवा बाहेर कुठे आधार सापडला नाही. शक्यतेत बसत नाही. राजीनामा नामंजूर. आपण अध्यक्षपदी कायम आहात.'"

साहेबरावांच्या मिशा थरथरल्या. हसू दाबायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले आणि मग जिना दणाणला. वरून सत्यभामाबाई विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. चौदा दिवसांनी साहेबराव पहिल्यांदा श्रीधररावांकडे बघून बोलले.

"उठा, अध्यक्षसाहेब," त्यांनी घागर पुढं सरकवली. "वरच्या दोन राह्यल्यात."